मत पक्षाला कीं प्रश्नाला?



‘मत’ हा शब्द आपण दोन अर्थांनीं वापरतों. एखाद्या गोष्टीविषयीं विचारपूर्वक बनविलेला अभिप्राय, तें मत. आणि निवडणुकीच्या दिवशीं मतदानकेंद्रांत जाऊन आपण देतों, तेंहि मतच. या दोहोंना आपल्या भाषेंत एकच शब्द आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पहिल्या अर्थाचें मत ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें दिलेलें दुसऱ्या अर्थाचें मत म्हणजे दाण्यावांचून फोल. तुमच्यापैकीं वरच्या वर्गांतील कित्येक जण दोन-तीन वर्षांत अठरा वर्षांचे होतील आणि त्यांचीं नांवें मतदारयादींत चढतील. १९८८ सालच्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीपूर्वीं हें वय एकवीस होतें. जो अधिकार इतक्या लवकर हातीं येणार, तो कसा वापरावा याचा विचार शाळेंत असतांनाच केलेला बरा.

महाभारतांतील द्यूतसभेचा प्रसंग तुम्हांस ठाऊक आहे. जो स्वतःलाच आधीं हरला, त्याला मला पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय, असा प्रश्न द्रौपदीनें सभेपुढें ठेविला. प्रश्न सरळ होता. पण उत्तर द्यावयाचें म्हणजे दुर्योधनाचा रोष ओढवून घ्यावयाचा. भीष्मांसारखे ज्ञानवृद्ध पुरुषहि धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून थांबले. इतर सभासदांनीं मौन धरिलें. तेव्हां धृतराष्ट्राचाच एक पुत्र, विकर्ण, उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाहीं असें त्यानें भर सभेंत सांगितलें. कर्णानें त्याला पोर म्हणून हिणवून गप्प बसविलें. हाच विकर्ण पुढें युद्धांत कौरवांच्या बाजूनें लढला आणि भीमाच्या हातून मेला. त्यानें आपलें कुल सोडलें नाहीं. परंतु प्रश्न विचारला गेला तेव्हां कुलाच्या तोंडाकडे पाहून त्यानें उत्तर दिलें नाहीं. नव्या करारांतील अरिमथाईचा योसेफ याच जातीचा पुरुष. तो न्यायसभेचा सभासद होता. पण येशूविरुद्ध त्या सभेनें जो निर्णय केला, त्याला त्यानें संमति दिली नव्हती, असें लूक सांगतो.

निष्ठा आणि न्याय यांची गांठ पडते तेव्हां काय करावें, हा प्रश्न असा जुना आहे. आज तो आपल्यापुढें राजकीय पक्षांच्या रूपानें उभा राहतो.

पक्षाचा उपयोग

प्रथम पक्षांना न्याय देऊं. सार्वजनिक कामांत एकट्यादुकट्याच्या हातून फारसें कांहीं होत नाहीं. समान विचाराचे लोक एकत्र येतात, आपला कार्यक्रम जाहीर करतात आणि सत्ता मिळाल्यास तो पार पाडण्याची जबाबदारी सर्व मिळून घेतात. मतदाराचीहि यांत सोय असते. प्रत्येक उमेदवाराचे प्रत्येक विषयावरील विचार तपासण्यास प्रपंची माणसाला सवड कोठली? पक्षाचें नांव कळलें कीं त्याच्या धोरणाची ढोबळ कल्पना येते. शिवाय सरकार चालावयाचें तर विधिमंडळांत त्याच्या पाठीशीं कांहीं संख्या निश्चित असावी लागते. रोज उठून बहुमत नव्यानें जमवावें लागलें, तर अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वींच वर्ष संपून जाईल.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. मतदारांची संख्या सुमारें १७ कोटी ३० लक्ष होती आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. त्यांना उमेदवार ओळखतां यावा म्हणून प्रत्येक पक्षाला एक चिन्ह देण्यांत आलें. ज्याला नांव वाचतां येत नव्हतें, त्याच्या हातीं दिलेली ती काठी होती. परंतु ज्यांना आज नांवच काय, जाहीरनामाहि वाचतां येतो, असे कित्येक लोक ती काठी टाकावयास तयार नाहींत. चिन्ह ओळखलें कीं विचार संपला, अशी त्यांची समजूत आहे.

येथेंच खरा धोका आहे. सोयीची सवय होते, आणि ती सवय पुढें निष्ठा म्हणून मिरवूं लागते. ‘आमच्या घरांत तीन पिढ्या याच चिन्हावर मत पडत आलें,’ असें कोणी अभिमानानें सांगितलें म्हणजे त्याला विचारावें कीं, तीन पिढ्यांत गांवचा पाण्याचा प्रश्न सुटला काय? पक्षांध माणूस ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कर आपल्या पक्षानें वाढविला तर त्याला ती देशाची गरज वाटते. तोच कर तेवढाच दुसऱ्या पक्षानें वाढविला तर ती लूट ठरते. कृत्य तेंच असतें. फक्त कर्त्याचें नांव बदललेलें असतें. अशा मनुष्यानें आपलें मत दुसऱ्याच्या खुंटीला टांगून ठेविलें आहे, असेंच म्हणावें लागेल.

प्रतिनिधीचें मत

विल्यम विल्बरफोर्स या इंग्रज सभासदाचें नांव गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानें दिलेल्या झुंजीमुळें अजरामर झालें आहे. १७९१ सालीं त्याचा ठराव कॉमन्स सभेंत १६३ विरुद्ध ८८ मतांनीं फेटाळला गेला. १७९६ सालीं तो अवघ्या ४ मतांनीं पडला. ठरावाला अनुकूल असलेले कांहीं सभासद त्या रात्रीं संगीत नाटकाला गेले होते, याची बोचणी विल्बरफोर्सच्या मनाला लागून राहिली. शेवटीं १८०७ सालीं तोच ठराव २८३ विरुद्ध १६ मतांनीं मंजूर झाला. हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. त्याच्याच आयुष्यांतील दुसरी एक रात्र मात्र तितकी प्रसिद्ध नाहीं. आपल्या विषयाला तीच अधिक जवळची आहे.

मुख्य प्रधान धाकटा पिट हा विल्बरफोर्सचा तरुणपणापासूनचा जिवलग मित्र. पिटच्या मंत्रिमंडळांत लॉर्ड मेल्व्हिल हा आरमाराचा मंत्री होता. पूर्वीं तो आरमाराचा खजिनदार असतांना त्याच्या हाताखालील अधिकाऱ्यानें सरकारी पैसा स्वतःच्या फायद्यासाठीं फिरविला आणि मेल्व्हिलनें तिकडे डोळेझांक केली, असा चौकशीचा अहवाल आला. ८ एप्रिल १८०५ रोजीं त्याच्या निषेधाचा ठराव सभेपुढें आला. पिटला आपल्या सहकाऱ्याला वांचवावयाचें होतें. रात्रीं उशीरा विल्बरफोर्स बोलावयास उभा राहिला, तेव्हां पिटची नजर त्याच्याकडे लागली होती. मित्राची ती नजर चुकवून उभें राहणें सोपें नव्हतें. तरीहि विल्बरफोर्सनें ठरावाला पाठिंबा दिला. सार्वजनिक पैशाचा प्रश्न मैत्रीच्या तराजूंत घालावयाचा नाहीं, एवढेंच त्याला कळत होतें. मतें मोजलीं तीं २१६ विरुद्ध २१६! निर्णायक मत सभापतींवर आलें. ते पांढरेफटक पडले, कांहीं वेळ नुसते बसून राहिले, आणि मग त्यांनीं निषेधाच्या बाजूनें मत दिलें. पिटनें आपली टोपी कपाळावर पुढें ओढून घेतली. तिच्याखालून त्याच्या गालांवर अश्रु ओघळलेले लोकांनीं पाहिले.

त्या रात्रीं एक मत इकडचें तिकडे झालें असतें तर निकाल फिरला असता. पुढें उमरावांच्या सभेंत रीतसर खटला होऊन १८०६ सालीं मेल्व्हिल निर्दोष सुटला. म्हणून विल्बरफोर्स चुकला काय? त्याच्यापुढें जो पुरावा होता त्यावरून त्यानें प्रामाणिकपणें निर्णय केला. व्यक्तीचा सूड त्याला घ्यावयाचा नव्हता. पिटची व त्याची मैत्रीहि तुटली नाहीं. हाच विल्बरफोर्स १८१३ सालीं कंपनीच्या सनदेंत धर्मोपदेशकांना हिंदुस्थानांत येण्याची मोकळीक मिळावी म्हणून झटला. त्याच सनदेंत येथील विद्येसाठीं दर वर्षीं निदान एक लक्ष रुपये वेगळे काढण्याचें कलम होतें. आपल्यासारख्या शाळांच्या इतिहासाचा एक धागा असा त्या सनदेपर्यंत जातो.

आपल्याकडेहि उदाहरण आहे. चिंतामणराव देशमुख हे केंद्र सरकारचे अर्थमंत्री होते. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळें ठेवण्याच्या धोरणास त्यांचा विरोध होता. १९५६ सालीं त्यांनीं त्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

याच्या उलट प्रकारहि आपल्या देशानें पाहिला आहे. १९६७ सालीं हरियाणांतील गया लाल नांवाच्या आमदारांनीं पंधरा दिवसांत तीन वेळां पक्ष बदलला, आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द सर्व देशभर रूढ झाला. कोणी म्हणेल, हेहि पक्षनिष्ठा झुगारणारेच नव्हेत काय? दोहोंतील फरक ओळखण्यासाठीं एकच गोष्ट पाहावी. पक्षाविरुद्ध जाऊन त्या मनुष्याला काय मिळालें? देशमुखांचें मंत्रिपद गेलें. विल्बरफोर्सनें मित्राला दुखविलें. जेथें पक्ष सोडतांच पदरांत पद पडतें, तेथें विवेकाचें नांव घेणें ही विवेकाची विटंबना होय.

या आयाराम-गयारामांना आळा घालण्यासाठीं १९८५ सालीं बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन दहावें परिशिष्ट आलें. त्याप्रमाणें जो खासदार वा आमदार पक्षादेशाविरुद्ध मत देतो किंवा मतदानास गैरहजर राहतो, आणि ज्याला पक्षानें आधीं परवानगी दिलेली नसते वा पंधरा दिवसांच्या आंत क्षमा केलेली नसते, तो आपली जागा गमावतो. एक तृतीयांश सभासद फुटून निघाल्यास पूर्वीं सूट मिळे. २००३ सालच्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीनें तीहि काढून टाकिली. रोग मोठा होता म्हणून औषध कडू दिलें, हें खरें. पण त्या औषधानें चोराबरोबर विकर्णाचेहि हात बांधले गेले. विल्बरफोर्सनें त्या रात्रीं केलें तें, पक्षानें आदेश काढला असतां, आपल्या प्रतिनिधीला आज जागा धोक्यांत घातल्यावांचून करतां येत नाहीं.

मतदाराचें मत

मग मोकळा राहिला कोण? मतदार. त्याला कोणाचा पक्षादेश लागू नाहीं. त्याचें मत गुप्त असतें. तें कोणाला दिलें हें विचारण्याचा अधिकार ना सरकारला, ना पुढाऱ्याला, ना घरांतील वडीलधाऱ्यांना. एवढें स्वातंत्र्य असून जो आपण होऊन स्वतःला एखाद्या चिन्हाच्या दावणीला बांधून घेतो, त्याच्यासारखा भाबडा तोच.

मतदारांनीं पक्ष आणि प्रश्न वेगवेगळे ओळखले, याचें एक ठळक उदाहरण आपल्या शेजारीं गोव्यांत घडलें. १९ डिसेंबर १९६१ रोजीं तेथील पोर्तुगीज अंमल संपला. १९६३ च्या डिसेंबरांत पहिली विधानसभा निवडली गेली. गोव्याचें महाराष्ट्रांत विलीनीकरण व्हावें, हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा मुख्य आग्रह होता. त्याला ३० पैकीं १४ जागा मिळाल्या आणि मित्रपक्षाच्या दोन जागांसह बहुमत होऊन दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. त्याला गोवा वेगळा हवा होता.

विधानसभेंत बहुमत आहे, तेव्हां विलीनीकरणाला लोकांची संमति आहेच, असें एका बाजूचें म्हणणें होतें. इतका मोठा प्रश्न आमदारांच्या संख्येवर न सोडवितां लोकांना थेट विचारावा, असा दुसऱ्या बाजूचा आग्रह होता. शेवटीं १९६६ च्या डिसेंबरांत संसदेनें जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपणें घेतला जावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजीं मतदान झालें. विलीनीकरणासाठीं ‘फूल’ आणि वेगळेपणासाठीं ‘दोन पानें’ अशीं चिन्हें होतीं. दोन्ही बाजूंनीं सभा, गाणीं आणि वर्तमानपत्रें यांचें रान उठविलें. ‘राष्ट्रमत’ हें मराठी दैनिक वेगळेपणाची बाजू मांडीत होतें, ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी, इतका सरळ हिशेब तेथें नव्हता.

निकाल असा लागला: एकूण ३,१७,६३३ मतें पडलीं; वेगळेपणाच्या बाजूनें १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूनें १,३८,१७०, आणि बाकीचीं ७,२७२ बाद. विलीनीकरण ३४,०२१ मतांनीं नामंजूर झालें. मतें धर्मावर पडतील असा पुष्कळांचा होरा होता. परंतु गोव्यांतील ख्रिस्ती लोकांची संख्या निम्म्याहून कमी होती. तेव्हां निम्म्याहून अधिक मतदारांनीं ‘दोन पानें’ निवडलीं, याचा अर्थ अनेक हिंदु मतदारांनींहि तीं निवडलीं. आपली स्वतःची विधानसभा जाईल, गोवा मोठ्या राज्यांतील एक कोपरा होऊन राहील, कारभार बाहेरचे अधिकारी करतील, महाराष्ट्रांतील दारूबंदी येथें आल्यास माडाच्या सुरेवर पोट भरणाऱ्यांचें काय होईल, असे रोजच्या जीवनांतील प्रश्न त्यांच्यापुढें होते.

याच्या पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. अवघ्या दहा आठवड्यांनीं, मार्च १९६७ मध्यें, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाची मुख्य मागणी लोकांनीं नुकतीच नाकारली होती, त्याच पक्षाला १६ जागा मिळाल्या आणि बांदोडकर पुन्हां मुख्यमंत्री झाले. वेगळेपणाची बाजू जिंकून देणाऱ्या पक्षाच्या जागा १२ च राहिल्या. एकाच मतदारसमूहानें जानेवारींत एक उत्तर दिलें आणि मार्चांत दुसरें. कारण प्रश्नच दोन होते. गोवा कोठें असावा हा एक, आणि गोव्याचा कारभार कोणी पाहावा हा दुसरा.

त्या निकालानें आपल्यापैकीं कोणी संतुष्ट होईल, कोणी हळहळेल. परंतु त्यांतून निघणारा धडा दोघांनाहि एकच आहे. पक्षाच्या जाहीरनाम्यांत वीस कलमें असतात आणि मतदाराला मत एकच द्यावयाचें असतें. पक्ष निवडून आला म्हणजे त्याच्या विसांपैकीं प्रत्येक कलमाला लोकांनीं होकार दिला, असें होत नाहीं. आणि ज्याला आपण मत दिलें, त्याच्या प्रत्येक कृत्याला मान डोलाविण्याचें बंधन आपल्यावरहि येत नाहीं.

प्रश्न कसा पाहावा?

जनमत कौल क्वचित् होतो. सामान्य निवडणुकींत सारे प्रश्न एका गांठोड्यांत बांधून पुढें येतात. तें गांठोडें सोडून पाहणें हेंच सुशिक्षिताचें काम. त्यासाठीं चार गोष्टी सांगतों.

पहिली, आपल्या भागापुढील मुख्य प्रश्न कोणते, याची यादी उमेदवारांचीं भाषणें ऐकण्यापूर्वींच करावी. नाहीं तर ज्याचा आवाज मोठा, त्याचाच प्रश्न आपल्याला मोठा वाटूं लागतो. दुसरी, निवडणूक कोणत्या संस्थेची आहे हें पाहावें. ग्रामपंचायत परराष्ट्रधोरण ठरवीत नाहीं आणि लोकसभा गटार बांधीत नाहीं. तेव्हां ज्या संस्थेच्या हातीं जो प्रश्न आहे, त्यावरच त्या संस्थेच्या उमेदवाराला तोलावें. तिसरी, उमेदवाराची माहिती मिळवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळें लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचें शपथपत्र द्यावें लागतें, आणि तें कोणालाहि वाचतां येतें. चवथी, सर्व पाहूनहि कोणीच योग्य न वाटल्यास ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ हा पर्याय २०१३ सालापासून आपल्याला उपलब्ध आहे. मात्र विचार करण्याचा कंटाळा आला म्हणून तो वापरूं नये.

येथें एक सावधगिरीची सूचनाहि करणें अवश्य आहे. ‘मी प्रश्न पाहून मत देतों’ असें म्हणणाऱ्या कित्येकांचा प्रश्न केवळ ‘मला काय मिळेल’ एवढाच असतो. माझ्या दाराशीं रस्ता आला कीं झालें, पलीकडच्या वस्तींत चिखल असेना कां, हा विचार पक्षांधतेहून वरचढ नव्हे. पक्षनिष्ठेंत निदान दहा जणांचा विचार असतो. यांत तर एकाचाच. प्रश्नाचा विचार करावयाचा म्हणजे ज्याला मत नाहीं त्याचाहि विचार करावयाचा. लहान मुलांना मत नाहीं, उद्यां जन्मणाऱ्यांना नाहीं, नद्यांना आणि रानांना नाहीं. त्यांच्या वतीनें बोलणारा कोणी असेल, तर तो विवेकी मतदारच.

पालकांनाहि एक नम्र विनंति. घरांत निवडणुकीची चर्चा होते तेव्हां मुलांना ‘आपण यांचे’ असें सांगण्याऐवजीं ‘आपण अमुक कारणासाठीं’ असें सांगावें. नुसती निष्ठा मुलें डोळे मिटून उचलतात. कारण सांगितलें तर तें तपासून पाहण्याची त्यांना संवय लागते, आणि तपासून त्यांनीं कांहीं वेगळें ठरविलें तर तो उद्धटपणा समजूं नये.

विद्यार्थिमित्रहो, याचा अभ्यास करावयास अठरावें वर्ष उजाडण्याची वाट पाहावयास नको. शाळेच्या वादसभेंत मत देतांना वक्ता लाल गटाचा कीं निळ्या गटाचा हें न पाहतां, त्याचा मुद्दा पाहून हात वर करीत जा. वर्गप्रतिनिधि निवडतांना तो आपल्या बांकावर बसतो कीं नाहीं, यापेक्षां तो सर्वांचें काम करील कीं नाहीं, हें पाहा. स्वतःच्या गटाविरुद्ध पहिल्यानें हात वर करतांना तो जड वाटेल. मित्र डोळे वटारतील. विकर्णालाहि तो जड वाटला असेल. परंतु शाळेंत ज्याचा हात आपल्या विचारानें वर जावयास शिकला, त्याचा तो हात पुढें मतदानकेंद्रांत दुसऱ्याच्या इशाऱ्यानें हालणार नाहीं.